सिकल सेलच्या रिपोर्टवर एए, एएस, एसएस म्हणजे काय?

(आमच्या लॅबमध्ये टेस्टला येणारी शाळकरी मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते एएसबद्दल, की मॅडम आमच्या पोराला सिकल सेल (आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार) झालाय का? नाही झालेला. एएस म्हणजे वाहक, म्हणजे आजाराचा एक जीन अंगात आहे पण आजार नाही, पेशंट नव्हे. आणि एक, ह्याचा ब्लड ग्रुपशी काहीच संबंध नाही, ती वेगळी टेस्ट.

आता जरा विज्ञान. आपल्या पेशींमध्ये क्रोमोसोमच्या 23 जोड्या असतात, प्रत्येक जोडीतला एक आईकडून एक बाबांकडून, आणि ते बनलेत डीएनएचे. डीएनए ए, टी, जी, सी ह्या चारच अक्षरांत लिहिलेला असतो, एका संचात अशी साधारण 300 कोटी अक्षरं. त्यातल्या ज्या तुकड्यात एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं तो जीन. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन, त्याच्या एका भागाचा, बीटा साखळीचा जीन 11 नंबरच्या क्रोमोसोमवर आहे आणि त्यात एका ठिकाणी जीएजीच्या जागी जीटीजी आलं, म्हणजे फक्त एक अक्षर बदललं, की प्रोटीनच्या साखळीत ग्लुटामिक ॲसिड ह्या मण्याऐवजी व्हॅलिन हा दुसरा मणी बसतो आणि हिमोग्लोबिन एस तयार होतं. ऑक्सिजन कमी पडला की हे एस एकमेकांना चिकटून लांब कडक दोरे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग हातपाय, पाठ, पोट असं दुखतं की लेकरू रात्रभर झोपत नाही. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात.

रिपोर्टवरचा ए म्हणजे चांगला जीन (डीएनएतलं ए अक्षर वेगळं). दोन्ही जीन चांगले असले तर एए. एक चांगला एक एस, तर एएस, ह्यांना सहसा काही त्रास नसतो, खेळू द्या, धावू द्या, फक्त उन्हात पाणी भरपूर प्यायचं. दोन्ही एस तर एसएस, हा आजार.

नवरा बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता 25 टक्के, एएसची 50, एएची 25. प्रत्येक वेळी, नव्याने. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन बरी होतील असा हिशेब खूप लोक करतात, तो चूक आहे. आणि मूल एसएस निघालं की घरात सुनेला बोल लावतात, ते कृपा करून करू नका, एसएस व्हायला एक एस बापाकडूनही यावाच लागतो. हा शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, म्हणून वर्गात कुणाला वेगळं बसवायचं कारण नाही.

टेस्टबद्दल: उपाशीपोटी यायची गरज नाही. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये एस आहे का एवढंच कळतं, एएस की एसएस ते नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते, ह्या टेस्टमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दिसतात. एचपीएलसीमध्ये बीटा थॅलेसिमियाचे (बीटा साखळी कमी बनते असा दुसरा आनुवंशिक आजार) वाहकही सहसा सापडतात आणि ते महत्त्वाचं आहे, कारण एका बाजूने एस आणि दुसरीकडून थॅलेसिमिया आला तरी आजार होऊ शकतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तेही सांगा.

विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बराच आहे आणि सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी आरोग्य केंद्रातही फुकट होते, पैशाची अडचण असेल तर आमच्याकडे न येता तिथे जा, पण टेस्ट करा.

एसएस आला तर घाबरून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा, हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळीने बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात. एएसवाल्यांनी रिपोर्ट जपून ठेवा, लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा समोरच्याचीही टेस्ट करायला सांगा, आणि दोघंही एएस असून लग्न झालेलं असेल तर दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा, 10-12 आठवड्यांच्या आसपास बाळाची तपासणी होऊ शकते.