नवं कबूतर आणि हळदीचं पाणी

नागपूरच्या महाल, मोमिनपुऱ्यातल्या गच्च्यांवर एक सल्ला हमखास मिळतो: बाजारातून कबूतर आणलं की दोन दिवस हळदीचं पाणी पाजा, डोळे चमकदार असले आणि दाणे टिपत असलं की सोडा ढाबळीत. मीही बरीच वर्षं असंच केलं.

अडचण अशी की आजारी कबूतर आजारी दिसेलच असं नाही. घशात पिवळट, पनीरसारखे गोळे करणारा ट्रायकोमोनास हा परजीवी कित्येक धडधाकट कबुतरांत असतोच. एकाच भांड्यातल्या पाण्यातून तो पसरतो, पिल्लांना तर आईबाप चोचीतून भरवतात त्या दुधासारख्या स्रावातूनच मिळतो. पॅरामिक्सो विषाणूत मान वाकडी होते, विष्ठा पाण्यासारखी पडते. पण लागण झाल्यापासून हे दिसेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. मग दोन दिवसांत काय कळणार? हळदीने विषाणू जात नाही. (‘उन्हात ठेवा’ म्हणणारेही भेटतात. नागपूरच्या मे महिन्यात? आजाराआधी पाखरूच जाईल.)

तीस दिवस वेगळं ठेवा. वेगळा पिंजरा पुरत नाही, जागाच वेगळी हवी, भांडीही. आधी जुन्यांचं दाणापाणी, नव्याचं शेवटी, मग हात धुवायचे. ताजी विष्ठा पशुवैद्यकाकडे तपासायला न्या. जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. झाडताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा: सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा जिवाणूजन्य आजार सुक्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो.