राजा म्हटला की हत्ती, हिरे आणि मनमानी?

'इंग्रजी अमदानीतला प्रत्येक राजा म्हणजे हिऱ्यांनी मढलेला, शिकारीत रमणारा, मनाला येईल तसा हुकूम सोडणारा सत्ताधीश,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. त्या काळातली प्रवासवर्णनं वाचली की तो खराही वाटतो. पण लिहिणारा पाहुणा असायचा. त्याला दरबार, मेजवानी आणि वाघ दाखवला जाई, खजिन्याची वही नव्हे!

1947 साली साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. तोफांची सलामी मिळे ती जेमतेम सव्वाशेंना, आणि 21 तोफांचा मान फक्त पाचांना : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर, काश्मीर. काठियावाडात तर काही संस्थानं एक-दोन गावांची. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती. दत्तकालाही त्यांची मंजुरी लागे. मग मनमानी किती उरणार? आपल्या साताऱ्याकडचं औंध बिनसलामीचं, 72 गावांचं. तिथे 1939 मध्ये राजानेच कारभार लोकांकडे सोपवला. उधळे राजेही होते, ते नाकारायचं कारण नाही.

पडताळायचं असेल तर जुनं गॅझेटिअर, म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, उघडा. संस्थानाचं क्षेत्रफळ, गावं, उत्पन्न तिथे आकड्यांत मिळतं. शेजारी त्या संस्थानाने इंग्रजांशी केलेल्या तहनाम्याची कलमं ठेवून वाचा.