व्हर्च्युअल मशीन : दूरस्थ वापर

दूरच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) चालवून तिचा पडदा आपल्या संगणकावर पाहण्याची पद्धत. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सर्व्हरची खर्ची पडते. वापरणाऱ्याकडे चित्र येते व त्याच्याकडून कळा आणि माउसच्या हालचाली जातात. येथे मुख्यतः लिनक्सवरील केव्हीएम (लिनक्सच्या गाभ्यातील, आभासी मशीन चालवण्याची सोय), क्यूईएमयू (मशीनला आभासी हार्डवेअर पुरवणारा प्रोग्रॅम) व लिबव्हर्ट (या दोहोंचे व्यवस्थापन करणारी सेवा) यांचा विचार केला आहे.

उगम : आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६४ च्या अखेरीस हाती घेतलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या आरंभी नियमित वापरात आली असे सामान्यतः मानतात. तीत सिस्टिम/३६० या आयबीएमच्या संगणकाची १४ पर्यंत आभासी यंत्रे एका वेळी चालत आणि टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे असे. आयबीएमच्याच यॉर्कटाउन येथील एम४४/४४एक्स हा प्रयोग साधारण त्याच काळातला असून काही अभ्यासक पहिल्या व्हर्च्युअल मशीन प्रणालीचा मान त्याला देतात. तथापि त्यातील आभासी यंत्रे मूळ यंत्राच्या तंतोतंत प्रतिकृती नव्हत्या. त्यामुळे सीपी-४० चा दावा अधिक सबळ ठरतो. ही परंपरा सीपी-६७ मार्गे १९७२ च्या व्हीएम/३७० पर्यंत पोहोचली. चित्रमय पडदा दूर नेणारे व्हीएनसी इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात घडले. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स २.६.२० मध्ये समाविष्ट झाले. क्युमरानेट कंपनीने घडवलेला, व्हीएनसीसारखाच पडदा दूर नेणारा स्पाइस प्रोटोकॉल, रेड हॅटने ती कंपनी विकत घेतल्यावर, २००९ मध्ये मुक्त (ओपन सोर्स) झाला; रेड हॅटच्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीतून मात्र तो वगळला आहे.

कन्सोल : कन्सोल म्हणजे मशीनचा दूरून दिसणारा पडदा. तो गेस्ट (मशीनच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) नव्हे, सर्व्हरवरील क्यूईएमयू पुरवतो. म्हणूनच गेस्टचे नेटवर्क बंद असले किंवा बूटच अडले तरी कन्सोल दिसतो. विंडोज गेस्टमध्ये रोजचे काम करायचे तर आरडीपी (विंडोजचा स्वतःचा दूरस्थ पडद्याचा प्रोटोकॉल; पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील जोडणीचा क्रमांक, ३३८९) अधिक सुखाचे. पण ते गेस्टच्या आतून चालते, त्यामुळे ऐन अडचणीत निरुपयोगी ठरते.

जोडणी : सर्व्हरवर आपले खाते ‘लिबव्हर्ट’ गटात हवे. स्थानिक संगणकावर व्हर्ट-मॅनेजर या, लिबव्हर्टच्या मशीन हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइल मेनूतून नवी जोडणी घेऊन क्यूईएमयू/केव्हीएम निवडावे, एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) ची चौकट टिचकावी आणि खात्याचे व सर्व्हरचे नाव भरावे. ‘युजर सेशन’ निवडल्यास यादी रिकामी दिसते; मशीन हरवलेल्या नसतात, त्या सिस्टिम पातळीवर नोंदलेल्या असतात. पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जातो, कारण स्पाइस पडदा, माउस-कीबोर्ड, कर्सर, आवाज यांसाठी वेगवेगळे चॅनेल उघडतो आणि प्रत्येकासाठी एसएसएचची नवी जोडणी होते. एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइल्सची जोडी) बसवून एजंटमध्ये (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घालणे हाच यावरचा खरा उपाय. इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) सर्व्हरवर हवी, आणि शक्यतो लिबव्हर्टच्या इमेजेस फोल्डरमध्ये. खात्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्यास क्यूईएमयूला ती वाचण्याची परवानगी बहुधा नसते.

कन्सोलचे पोर्ट ५९०० पासून चढत्या क्रमाने मिळतात आणि लिबव्हर्ट ते मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त सर्व्हरच्या आतूनच पोहोचता येईल असे, उघडते. ‘जोडता येत नाही’ म्हणून तेथे ०.०.०.० (सर्व नेटवर्कांना खुले) लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. जुन्या धर्तीच्या व्हीएनसी पासवर्डची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि चित्रप्रवाह सांकेतिक न होता उघडाच जातो. व्हर्ट-मॅनेजर एसएसएचमधून सुरक्षित वाट (बोगदा) आपोआप काढतो. वेगळा व्ह्यूअर (पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) वापरायचा तर एसएसएचने स्थानिक ५९०१ सर्व्हरच्या ५९०० शी जोडावे. स्थानिक ५९०० आपल्याच एखाद्या मशीनने धरलेले असू शकते, म्हणून ५९०१.

वेग : १९२० × १०८० चा, ४ बाइटी रंगाचा एक पडदा सुमारे ८३ लाख बाइटांचा होतो; सेकंदाला असे १० पडदे कच्चे पाठवायला ६६ कोटी बिट लागतील. म्हणून बदललेला भागच संकुचित करून पाठवतात. तरीही रुंद लाइनवर व्हीएनसी रेंगाळते. मूळ प्रोटोकॉलमध्ये क्लायंटने मागितल्यावरच नवा पडदा येतो. एक मागणी पुरी झाल्यावरच पुढची करणाऱ्या व्ह्यूअरला, जाण्या-येण्याला १०० मिलिसेकंद लागत असतील तर, सेकंदाला १० च्या वर पडदे मिळत नाहीत. गेस्टमधील अ‍ॅनिमेशन व वॉलपेपर काढणे आणि रिझोल्यूशन उतरवणे येथे उपयोगी पडते.

माउसचे दोन बाण एकमेकांपासून दूर पळत असतील तर गेस्टला सापेक्ष हालचाल सांगणारा पीएस/२ माउस मिळाला आहे असे समजावे. यूएसबी टॅब्लेट हे उपकरण जोडल्यास थेट निर्देशांक (बाणाचे पडद्यावरील नेमके स्थान) जातात व बाण जुळतात. स्पाइसवर क्लिपबोर्ड आणि खिडकीप्रमाणे पडदा बदलणे चालण्यासाठी गेस्टमध्ये स्पाइसचा व्हीडीएजंट हा सहायक प्रोग्रॅम बसवावा लागतो.