पार्श्वभूमी : हाताच्या ऑपरेशनमध्ये ‘नस’ कापत नाहीत

मराठवाड्यात हाताच्या ऑपरेशनला नकार मिळतो तो पुष्कळदा एका शब्दापायी. रक्तवाहिनी म्हणजे नस, मज्जातंतू म्हणजे नस आणि बोट ओढणारी दोरी, म्हणजे कंडरा, तीही नसच. पोटरीत गोळा आला की नस चढली, मान धरली की नस आखडली. मग ‘मनगटात नस दबलीय, ऑपरेशन करावं लागेल’ हे ऐकून बीडकडची ऊसतोडीला जाणारी बाई एवढंच समजते, की नस कापणार आणि हात कामातून जाणार.

कापतात तो नसेवरचा पट्टा. मनगटात हाडांची खोबण असते, तिच्यावर जाड पट्टा, आणि मधल्या बोगद्यातून नऊ कंडरा व एक मज्जातंतू जातो. पट्टा उभा छेदला की मज्जातंतूला जागा मिळते. मिटलेलं बोट अडकून खटकन् सुटतं, त्या दुखण्यातही दोरीला हात लावत नाहीत, तिच्यावरचं कडं मोकळं करतात. शब्दांचा घोळ जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू मोजलेत, पण तिथे स्नायू म्हणजे बांधणारे तंतू. आज शाळेत स्नायू म्हणजे मांसपेशी. ‘कंडरा’ तर ओपीडीत कुणाच्या तोंडी नाही. डॉक्टरांनी सरळ ‘पट्टा सोडवायचाय’ म्हणावं, निम्मी भीती तिथेच जाईल.

अडकणाऱ्या बोटाची नोंद युरोपात १८५० ची, मनगटातल्या दाबाची १८५४ ची. पट्टा सोडवण्याचं ऑपरेशन रुळलं मात्र १९५० नंतर. आपल्याकडे हाताची शस्त्रक्रिया वाढली ती कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांपासून, १९४० च्या दशकाअखेरीस, तामिळनाडूत वेल्लोरला.

खरा फरक पडला तो भुलीत. बोटात अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवून रक्त थोपवणारं औषध, टोचलं तर बोट सडतं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. जुन्या काळी बोटं गेली ती बहुधा भुलीसाठी वापरत त्या, साठवणीत आम्ल झालेल्या प्रोकेनमुळे. २००५ साली कॅनडातून अ‍ॅड्रेनालिन टोचलेल्या ३,००० हून जास्त रुग्णांचा अनुभव छापून आला. एकाचंही बोट गेलं नव्हतं. तेव्हापासून रक्त थांबवायला दंड करकचून न आवळता, भुलीत अ‍ॅड्रेनालिन मिसळून फक्त जागा बधिर करून ही कामं होऊ लागली. रुग्ण टेबलावरच बोट मिटून-उघडून दाखवतो.

हंगाम उरकू द्या म्हणत दोन-तीन वर्षं काढलेल्या हातात अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झालेला असतो. तेव्हा ऑपरेशन केलं तर रात्रीच्या मुंग्या थांबतात, पण ब्लाउजचा हुक लावण्याइतकी चिमूट परत येईलच असं नाही.