अक्षरांतून शब्द की शब्दात अक्षरे?

‘या आठ अक्षरांचे लांबात लांब इंग्रजी शब्द कोणते?’ हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्याला दोन वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे दिली जातात. एक जण केवळ त्या आठ अक्षरांतून बनणारे शब्द देतो, तर दुसरा ती आठही अक्षरे पोटात असलेले शब्द देतो, आणि मग एकमेकांच्या याद्या चुकीच्या ठरवण्यात वेळ जातो. वास्तविक दोन्ही याद्या बरोबर असतात. चूक प्रश्नात असते, कारण अट कोणावर आहे, शब्दावर की अक्षरांवर, हे विचारणाऱ्याने सांगितलेलेच नसते.

पहिला प्रकार स्क्रॅबल हा शब्दखेळ खेळणाऱ्यांना मुखोद्गत असतो. हातात अक्षरांच्या सात टाइल असतात, प्रत्येक टाइल एकदाच लावता येते, काही शिल्लक राहिल्या तरी चालते आणि साती एकाच चालीत लावल्या तर पन्नास गुण अधिक मिळतात. ब्रिटनच्या ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील नऊ अक्षरे आणि तीस सेकंदांची फेरी याच जातीची आहे. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्रकारात अक्षरे ही सामग्री नसते, ती किमान मागणी असते. दिलेले प्रत्येक अक्षर शब्दात आलेच पाहिजे; त्याखेरीज अन्य कितीही अक्षरे येवोत. वर्डल या शब्द ओळखण्याच्या खेळात पिवळा चौकोन (अक्षर शब्दात आहे, पण दुसऱ्या जागी) मिळतो तेव्हा आपण याच प्रकारची अट पाळत असतो.

फरक इंग्रजीतील ‘ट्रायअँगल’ या शब्दाच्या अक्षरांवर पाहू: टी, आर, आय, ए, एन, जी, एल, ई. (इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर ठेवावे, उच्चार नव्हे.) पहिल्या प्रकारात या आठांतून ‘इंटिग्रल’, ‘ऑल्टरिंग’, ‘रिलेटिंग’ असे पूर्ण आठ अक्षरी शब्द निघतात आणि त्याखाली लहान शब्दांची मोठी रांग लागते. दुसऱ्या प्रकारात ‘टॉलरेटिंग’, ‘डिलिबरेटिंग’, ‘अ‍ॅक्सिलरेटिंग’ हे शब्द येतात, कारण या प्रत्येकात आठही अक्षरे आहेत. मात्र पहिल्या प्रकारात यांतला एकही बसत नाही. दोन्ही याद्यांत असतात ते फक्त आठही अक्षरे नेमकी एकेकदा वापरणारे शब्द, म्हणजे अ‍ॅनाग्रॅम. सोपी उदाहरणे नेमकी याच सामाईक भागातून उचलली जातात आणि त्यामुळेच गोंधळ कायम राहतो, असे माझे ठाम मत आहे.

आपण कोणत्या प्रकारात आहोत हे ओळखण्याची एकच कसोटी मी मानतो: दिलेल्या अक्षरांत एकाची भर घालावी आणि यादीचे काय होते ते पाहावे. वरील आठांत ओ मिळवला, तर पहिली यादी वाढते. तोवर अशक्य असलेले ‘ऑरेंज’, ‘रिलेशन’, ‘ओरिएंटल’ हे शब्द तिच्यात येतात. दुसरी यादी मात्र आक्रसते. ‘डिलिबरेटिंग’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेटिंग’ गळतात, ‘टॉलरेटिंग’ टिकतो. उलट मूळ आठांतून ई काढून टाकला, तर पहिल्या यादीतून खुद्द ‘ट्रायअँगल’च बाहेर पडतो, आणि दुसरीत आजवर दाराबाहेर असलेला ‘ट्रान्सलेटिंग’ प्रवेश करतो. सामग्री वाढली की शक्यता वाढतात, मागण्या वाढल्या की शक्यता घटतात. ‘अधिक अक्षरे दिली तरी शब्द कमी का मिळाले?’ अशी तक्रार करणारा माणूस शब्द शोधून देणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या संगणकीय साधनात पहिल्या प्रकारचा प्रश्न घालत असतो.

‘लांब’ या शब्दाचा अर्थही दोन्हीकडे सारखा नाही. पहिल्या प्रकारात आठ अक्षरांची कमाल मर्यादा आहे आणि तिथवर पोहोचणे हे कौशल्य आहे. दुसऱ्यात वर मर्यादाच नाही, आणि शब्द जितका लांब तितकी त्यात हवी ती अक्षरे सापडण्याची शक्यता मोठी. म्हणून त्या प्रकारात लांबीचे कौतुक मला फारसे वाटत नाही. पाचही स्वर सात अक्षरांत सामावणारा ‘सिक्वोया’ (एका महावृक्षाचे नाव) मला कितीतरी श्रेष्ठ वाटतो. लांब शब्द म्हटला की फुप्फुसाच्या विकाराचे ते पंचेचाळीस अक्षरी नाव (pneumonoultramicroscopicsilicovolcanoconiosis) पुढे करणाऱ्यांचा तर मला मनापासून कंटाळा आहे. ते 1935 च्या सुमारास निव्वळ लांबीसाठी रचले गेले, आणि एवढे लांब असूनही त्यात जी हे अक्षर नाही, म्हणजे आपल्या आठ अक्षरांच्या मागणीलाही ते उतरत नाही.

दुसरा, पण दुय्यम, प्रश्न पुनरावृत्तीचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या शब्दकोड्यात दिलेल्या सात अक्षरांबाहेर जाता येत नाही, परंतु तीच अक्षरे पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि मधले अक्षर अनिवार्य असते, सातही आली तर तो पॅनग्रॅम. तिथे दोन्ही प्रकारांच्या अटी एकत्र येतात आणि कमाल लांबीची मर्यादा मोडते. ‘इंटररिलेटिंग’ हा तेरा अक्षरी शब्द पाहा: त्यात ‘ट्रायअँगल’ची आठही अक्षरे आहेत आणि नववे एकही नाही. उलटपक्षी टी दोनदा मागितला असेल, तर ‘टॉलरेटिंग’ चालेल, ‘डिलिबरेटिंग’ चालणार नाही. दुसरा टी निमूटपणे गाळणारे साधन वापरूच नये. अक्षरांचा क्रम दोन्ही प्रकारांत गैरलागू आहे, आणि संगणकीय शोधसूत्रात (रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये) चौकटी कंसात अक्षरे लिहून शोध घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्या कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक’ असा होतो, ‘ही सर्व’ असा नव्हे.

दुसऱ्या प्रकारचे शब्द हाताने शोधायचे असतील, तर प्रत्ययापासून सुरुवात करावी. आपल्या आठांपैकी ए, टी, आय, एन, जी ही पाच ‘-एटिंग’ या शेवटातच भागतात. उरतात आर, एल आणि ई. आता ‘-एट’ने संपणारी अशी क्रियापदे आठवावीत, ज्यांच्या आधीच्या भागात ही तीन आहेत: ‘लिबरेट’, ‘प्रोलिफरेट’, ‘एक्झिलरेट’. शेवटचा ई मोजणीत धरू नये. ‘-इंग’ लागताच तो गळतो, आणि ‘ट्रान्सलेट’ अडतो तो नेमका इथेच.