'प्रथमदर्शनी खरे' : यूएपीएतील जामिनाची पार्श्वभूमी

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत दर दोन वर्षांनी वाढवावी लागे. १९९५ साली ती वाढली नाही आणि कायदा संपला. त्यानंतर आलेल्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्यालाही मुदत होती, पण ती संपण्याआधीच, २००४ साली तो रद्द झाला. त्याच वेळी पोटातली दहशतवादी कृत्याची व्याख्या मात्र १९६७च्या यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्यात, आली. मुळात हा कायदा बेकायदा संघटनांवर बंदी घालण्यासाठी होता आणि त्याला मुदत नव्हती. तात्पुरता म्हणून आणलेला कायदा असा कायमचा झाला. या बदलाची त्या वेळी व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

पोलिस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानण्याची पोटातली तरतूद २००४ साली यूएपीएत घेताना वगळली गेली (महाराष्ट्राच्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात ती आजही आहे). जामिनाची कडक अटही वगळली गेली होती. मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८मध्ये, ती वेगळ्या शब्दांत परत आली.

खरा पेच याच शब्दांचा आहे. टाडात जामिनासाठी आरोपी दोषी नसल्याचे वाजवी कारण न्यायालयाला दिसावे लागे. यूएपीएचे कलम ४३डी(५) सांगते की केस डायरी (पोलिसांची तपासाची नोंदवही) किंवा आरोपपत्र पाहून आरोप 'प्रथमदर्शनी खरा' वाटला, तर जामीन नाही. ही अट वाचताना सौम्य वाटते. २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ती तुलनेने हलकी म्हटली. पण जामिनाच्या टप्प्यावर पुरावा तोलायचा नाही, कागद खटल्यात ग्राह्य ठरेल की नाही हेही पाहायचे नाही, असे त्याच निकालाने सांगितले. आरोपपत्र पोलिसांनी लिहिलेले, बचावाच्या पुराव्याची वेळ अजून यायची आहे आणि समोरचा कागद तपासायचाही नाही. मग आरोपीच्या वकिलाने युक्तिवाद कशावर करायचा?

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाट काढली. केरळमधल्या त्या खटल्यातला आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल, तर ४३डी(५) असूनही घटनात्मक न्यायालये (उच्च आणि सर्वोच्च न्यायालय) जामीन देऊ शकतात, असे पीठाने म्हटले. त्याच वर्षी जुलैमध्ये एल्गार परिषद प्रकरणातले ८४ वर्षांचे धर्मगुरू जामिनाची वाट पाहत मुंबईत कोठडीतच वारले. २०२३ साली याच प्रकरणातल्या दोघांना जामीन देताना न्यायालयाने पुराव्याचे वरवरचे तरी मूल्यमापन हवे, असे सांगितले. २०१९चा निकाल मात्र कायम आहे.

जुलै २०२४पासून, भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३मध्येही दहशतवादी कृत्याची जवळपास तीच व्याख्या आहे. तिथे ४३डी(५)सारखी अट नाही. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी ठरवतो. ते कोणत्या निकषावर ठरवायचे, हे संहितेत लिहिलेले नाही.