मराठवाड्यातील जिल्हा परिषद शिक्षकांच्या थकव्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळांमधल्या शिक्षकांशी नोकरीविषयी बोलले, की दोन गोष्टी एका दमात ऐकू येतात. मुलांसोबत वर्गात जातो तेवढा वेळ बरा जातो, ही पहिली. आणि वर्गाबाहेरच्या कामांनी जीव मेटाकुटीला आला आहे, ही दुसरी. समाधान आणि थकवा एकाच माणसात एकाच वेळी नांदताना दिसतात, ते का, हे समजून घ्यायचे असेल, तर आजच्या एखाद्या शासन निर्णयावर बोट ठेवून भागत नाही. हा थकवा गेल्या सहा-सात दशकांत थराथराने साचलेला आहे. प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाकडे एक नवी जबाबदारी आली, जुनी सहसा कमी झाली नाही, आणि स्वतःच्या कामाबाबत निर्णय घेण्याची त्याची मुभा मात्र आक्रसत गेली.

हैदराबाद संस्थानात वरिष्ठ शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिकवले जात असे. मराठीतून शिकवणाऱ्या खासगी शाळा थोड्या होत्या आणि त्यांच्यावर सरकारची करडी नजर असे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय या त्यांतल्या ठळक शाळा. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. अशा उदाहरणांमुळे मराठवाड्यात ‘गुरुजी’ या माणसाला पगारापलीकडचे वजन मिळाले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाल्यावर गावोगावी मराठी शाळा उघडू लागल्या. त्या काळी गावात लिहिता-वाचता येणारा माणूस बहुधा गुरुजीच असल्याने अर्ज, मनिऑर्डर, जमिनीचे कागद आणि कुठे कुठे टपालघराचे कामही त्याच्याकडे आले. हे वजन मोलाचे होते यात शंका नाही. पण लिहिण्याचे कोणतेही काम शिक्षकावर सोपवता येते, ही प्रशासनाची सवयही तेव्हाच रुजली, असे मला वाटते.

1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1961 च्या कायद्यानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. मराठवाड्यात एक वेगळी गोष्ट घडली. संस्थानी काळापासूनच्या सरकारी माध्यमिक शाळाही येथे मोठ्या प्रमाणावर जिल्हा परिषदांकडे वर्ग झाल्या, त्यामुळे राज्याच्या इतर भागांत अभावाने आढळणारी जिल्हा परिषदेची हायस्कुले येथे आजही दिसतात. शिक्षक लोकनियुक्त सदस्यांच्या जवळ आला, त्याचा फायदा शाळांच्या प्रसाराला झाला, पण बदली हे एक हत्यारही झाले. निवडणुकीत कोणाच्या बाजूने राहिला, कोणाच्या शब्दाला नकार दिला, यावरून शिक्षकाचे गाव बदलू शकत असे. जुने दिवस सोन्याचे होते असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये. पगारही तुटपुंजा होता. 14 डिसेंबर 1977 पासून राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी केलेल्या 54 दिवसांच्या संपात शिक्षक उतरले होते, ते काही सुखवस्तूपणातून नव्हे.

पुढे वेतन आयोगांनी पगाराचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. ‘एवढा पगार असताना तक्रार कशाची?’ हा प्रश्न गावाच्या पारावर तेव्हापासून विचारला जाऊ लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पगार, सेवाशर्ती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस असमाधानी होतो, पण त्या सुधारल्या म्हणून समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते प्रत्यक्ष कामातून, त्यात मिळालेल्या यशातून आणि त्या यशाची कोणी दखल घेण्यातून. वेतन आयोगांनी शिक्षकाची पहिली बाजू सावरली. दुसरी बाजू त्याच काळात कशी ढासळत गेली, ते पाहिले पाहिजे.

1987 च्या खडू-फळा योजनेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक देण्याचे ठरवले, तरी पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे, ही वाडी-तांड्यांवरची घडी कायम राहिली. 1994 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राज्याच्या पहिल्या टप्प्यातील पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते: तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद, तसेच लातूर, नांदेड आणि परभणी. बीड व जालना दुसऱ्या टप्प्यात आले. वर्गखोल्या, प्रशिक्षणे, शैक्षणिक साहित्य, केंद्र संमेलने (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या एकत्र बैठका) असे पुष्कळ चांगले त्यातून मिळाले, आणि त्या वर्षांतील प्रशिक्षणांची आठवण अनेक निवृत्त शिक्षक आजही उत्साहाने काढतात. परंतु प्रकल्प म्हटला की अहवाल आले, आणि अहवाल म्हटले की तक्ते आले. 2001 च्या सर्व शिक्षा अभियानाने तीच पद्धत पुढे नेली आणि बांधकामाचा हिशेबही मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडला.

शालेय पोषण आहाराची कथा अशीच आहे. 1995 मध्ये ही योजना आली तेव्हा मुलांना घरी नेण्यासाठी तांदूळ दिला जात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या या प्रदेशात त्या खिचडीने किती लेकरांना शाळेत टिकवले, हे येथील शिक्षकच सर्वांत चांगले सांगू शकतील, आणि ही योजना नको असे त्यांच्यापैकी क्वचितच कोणी म्हणेल. त्यांचे म्हणणे एवढेच, की तांदळाची पोती उतरवून घेणे, साठा नोंदवही, चव रजिस्टर, इंधन-भाजीपाल्याची देयके आणि दररोजची ऑनलाइन नोंद हे काम दोन शिक्षकांच्या शाळेत वर्ग सोडूनच करावे लागते.

2000 मध्ये आलेल्या शिक्षणसेवक योजनेने नोकरीची सुरुवातच बदलली. पदविका घेऊन लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा 3000 रुपये मानधन मिळू लागले. ते पुढे 6000 आणि 2023 मध्ये 16000 झाले. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. एकाच शाळेत, एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाचे म्हातारपण सुरक्षित आणि दुसऱ्याचे नाही, ही स्थिती तेव्हापासूनची आहे, आणि 14 ते 20 मार्च 2023 या काळातील राज्यव्यापी संपाचे मूळ तिच्यातच होते.

तथापि मराठवाड्यातील शिक्षकांच्या मनावर सर्वांत खोल परिणाम 2011 च्या पटपडताळणीने केला, असे माझे मत आहे. तिची सुरुवात नांदेडला झाली. तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातील शाळांची प्रत्यक्ष मोजणी करवली आणि कागदावरचा पट व वर्गातली मुले यांत प्रचंड तफावत उघड झाली. त्याच धर्तीवर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत मुलांच्या बोटाला शाई लावून राज्यभर पडताळणी झाली. ती आवश्यक होती. बोगस पटावर अनुदान, तुकड्या आणि पदे लाटणाऱ्या संस्था होत्या, आणि त्यांना आवर घालणे सरकारचे कर्तव्यच होते. पण तिची झळ ज्यांनी बोगस पट दाखवला त्यांच्यापुरती राहिली नाही. 2012 मध्ये शिक्षक भरती थांबली. पटाच्या हिशेबात जास्त ठरलेले ‘अतिरिक्त’ शिक्षक आणि त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवण्याचे ‘समायोजन’ हे शब्द दर वर्षी संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवण्याच्या, सुमारास धडकी भरवू लागले. भरती पुन्हा रुळावर येण्यास 2017 ची अभियोग्यता चाचणी आणि ऑनलाइन भरतीचे पवित्र पोर्टल यांची वाट पाहावी लागली, आणि तिथल्या नेमणुका 2019 उजाडल्यावर झाल्या. दरम्यान निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे वर्ग उरलेल्यांनी ओढले. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिक्त ठेवू नयेत, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पदांपेक्षाही मोठे नुकसान विश्वासाचे झाले. शिक्षकाने सांगितलेला आकडा खरा मानायचा नाही, त्याचा फोटो, पुरावा, लोकेशन मागायचे, ही प्रशासनाची रीत त्यानंतर पक्की होत गेली.

2015 नंतर ऑनलाइन माहिती भरण्यासाठी सरल प्रणाली, आधार जोडणी, यू-डायस प्लस, शाळासिद्धी, पोषण आहाराचे ॲप, हजेरीसाठी चॅटबॉट असे एकामागून एक आले. प्रत्येकाचा हेतू वेगळा काढून पाहिला तर समजण्यासारखा आहे. पण तीच विद्यार्थीसंख्या पाच ठिकाणी भरायची, गावात नेटवर्क नसेल तर रात्री तालुक्याच्या गावी परतल्यावर भरायची, आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती आजच दुपारी दोनपर्यंत सादर करा’ असा निरोप पाहून पाढे अर्ध्यावर सोडायचे, या दिनक्रमाचा हिशेब कोणी मांडलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. मात्र निवडणुकीच्या सदराखाली मतदार यादीचे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम वर्षभर चालते. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी झालेल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर निघाली. 23 जानेवारी 2024 पासून राज्य मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणात प्रगणक म्हणून शिक्षकच मोठ्या संख्येने फिरले. त्या नोंदींचे सामाजिक महत्त्व कोणी नाकारणार नाही, पण त्या दिवसांत वर्गांत काय चालले होते, हा प्रश्न विचारण्याचे राहून गेले.

अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये कामातून येणाऱ्या अशा थकव्याचे वर्णन केले, आणि ख्रिस्तिना मास्लाक यांनी 1981 मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी त्याची तीन अंगे सांगितली: भावनिक गळाठा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून मान्यता दिली. मराठवाड्यात तिसरे अंग विशेष बोचरे आहे, आणि त्याचे कारण शाळेच्या भिंतींबाहेर आहे.

बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जूनपासून ज्या मुलाला अक्षरओळख करून दिली, ते नेमके वाचायला लागते तेव्हा ऊस तोडायला निघालेल्या आईबापांसोबत निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. पट पुन्हा भरतो, शिकवलेले बरेचसे पुसून गेलेले असते, आणि त्याच सुमारास वार्षिक परीक्षा किंवा मूल्यमापन येते. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे मुलांना गावातच आजी-आजोबांपाशी ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करता येते, आणि कित्येक शिक्षकांनी मुकादमाची गाडी निघण्याआधी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केल्यामुळेच ती मुले थांबलेली आहेत. हे काम कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तक्त्यात बसते ती अध्ययन स्तराची टक्केवारी, आणि तीत ऊसतोड कामगाराचे मूल आणि शहरात शिकवणी लावलेले मूल एकाच रकान्यात असते. जो शिक्षक सर्वांत अवघड काम करतो, तोच कागदावर मागे दिसतो. पाण्याचे टँकर मोजत काढलेल्या 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळी वर्षांतही हेच घडले.

बदल्यांबाबत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. 27 फेब्रुवारी 2017 च्या धोरणानुसार 2018 मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या आणि वशिल्याचा जाच पुष्कळ कमी झाला. पण अवघड क्षेत्र, संवर्ग, ‘खो’ (एकाने जागा मागितली की तिथल्या शिक्षकाला हलावे लागणे) आणि विस्थापित यांच्या गणितात एखाद्या गावात मुरलेला शिक्षक वर्षानुवर्षे उभे केलेले काम सोडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी आणि भाड्याने राहण्याजोगी घरे नसलेली गावे यांमुळे तालुक्याहून अपडाऊन करणारे वाढले. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेण्याचा मुद्दा विधानसभेत लावून धरला आणि गावकरी व शिक्षक यांच्यातली दरी सर्वांसमोर आली. पालकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. गावात राहणारा गुरुजी संध्याकाळीही गुरुजी असे, आणि ते नाते तुटल्याचे दुःख दोन्ही बाजूंना आहे. त्याच वर्षी वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याची ‘आपले गुरुजी’ मोहीम आली. आपल्याऐवजी दुसऱ्यालाच वर्गावर उभे करणाऱ्यांना पकडण्यासाठीचा तो उपाय, रोज वर्गात उभे राहणाऱ्या बाईंनाही स्वतःची ओळख पटवायला लावणारा ठरला.

मार्च 2024 मधील संच मान्यतेच्या नव्या निकषांनी कमी पटाच्या शाळांतील पदे धोक्यात आणली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. वाडी-तांड्यांच्या मराठवाड्यात कमी पट ही अपवादाची गोष्ट नाही. नंतर 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निकाल दिला. ही परीक्षा राज्यात 2013 मध्ये प्रथम झाली. तिच्या कितीतरी आधी, तेव्हाची सर्व अर्हता पूर्ण करून आणि निवड मंडळापुढून जाऊन नोकरीला लागलेल्या, आज पंचेचाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांपुढे आता दिवसा चार वर्ग, संध्याकाळी ऑनलाइन माहिती आणि रात्री पात्रता परीक्षेचा अभ्यास असा क्रम आहे. अनुत्तीर्ण झाल्यास सेवा संपण्याची भीती आहे. आणि शिकवण्याची योग्यता वीस-पंचवीस वर्षे वर्गात सिद्ध केल्यावर ती पुन्हा कागदावर सिद्ध करावी लागते, याची बोच त्यांच्यापैकी अनेकांना त्या भीतीहून अधिक लागलेली आहे.